दोन बोटं कमी

अहेरीच्या पुढे, जंगलाच्या पोटात असलेल्या विशेष पथकाच्या तळावर नव्या कार्बाईनचा स्वीकार समारंभ सोमवारी सकाळी साडेदहा वाजता यथाविधी पार पडला. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, साहेबांनी भाषणात 'अत्याधुनिक' हा शब्द चौदा वेळा उच्चारला. मग प्रत्येक जवानाला एक कार्बाईन आणि एक 'वापरकर्ता अभिप्राय प्रपत्र' देण्यात आलं. पुढे जो घोळ झाला तो बंदुकीमुळे झाला नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. बंदूक बिचारी गरीब होती.

कार्बाईन म्हणजे आखूड नळीची बंदूक, झाडीत वळवायला सोपी. ही तर खास जंगलासाठीच घेतलेली. तिच्या माहितीपुस्तिकेवर ती धरून उभा असलेला गडी सहा फूट दोन इंच उंच होता आणि त्याच्या मागे बर्फ होता. पथकातली शिपाई दिव्यानी उसेंडी पाच फुटांना जेमतेम टेकलेली होती आणि तिच्या मागे सागवान होतं. बंदुकीचा मागचा भाग, जो खांद्याला टेकवतात आणि ज्याला पथकात बट म्हणतात, तो पार आत सारला तरी दिव्यानीच्या खांद्याला पुरून दोन बोटं उरायचा. त्यामुळे डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीपर्यंत पोचत नसे आणि गोळी टार्गेट सोडून मागच्या वारुळात जाऊन बसे.

दोन महिन्यांनी चांदमारीची परीक्षा होती. नव्या बंदुकीनं वीसपैकी पंधरा गोळ्या लावल्या तर पथकात राहायचं, नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी आवक-जावकच्या टेबलावर बसून पाकिटांवर नंबर टाकायचे. दिव्यानी दुसऱ्या खेपेला पथकात निवडली गेली होती. पाठीवर वीस किलो घेऊन डोंगर चढताना सोबतचे दोन पहिलवान मागे टाकून आली होती. त्या टेबलाचा नुसता विचार आला तरी तिची अन्नावरची वासना उडायची.

ती शस्त्रागाराचे हवालदार बापूराव यांच्याकडे गेली. तीस वर्षं बंदुकांची दुखणी काढलेला माणूस. त्यांनी बट पाहिली, तिचा खांदा पाहिला.

"दोन बोटं कमी केली का बसते बराबर. आरी हाये माह्यापाशी. चहा निवाच्या आत करून देतो."

"मंग करा ना भाऊ."

"सरकारी माल हाये पोरी. साहेबाचं लिहून आन, मंग कापतो."

साहेब म्हणाले, अशा सूचनांसाठीच तर प्रपत्र आहे. दिव्यानीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बट माझ्यासाठी दोन बोटे कमी करून मिळावी ही विनंती.' प्रपत्र पथकाचे लिपिक भैयाजी यांच्याकडे गेलं. त्यांनी ते संगणकात भरायला घेतलं. 'वापरकर्त्याची अडचण' या रकान्यात बाराच अक्षरं मावत होती. भैयाजी जुना, जाणता लिपिक. मजकुराचं सार काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दिव्यानीच्या नावापुढे त्यांनी भरलं, 'दोन बोटे कमी'.

अकराव्या दिवशी वरच्या शस्त्र सुधारणा कक्षाचं पत्र आलं. 'महिला शिपाई दिव्यानी उसेंडी यांची दोन बोटे कमी असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर बोटे कोणत्या हाताची आहेत, कोणत्या दिनांकास कमी झाली, तसेच ती कर्तव्यावर असताना कमी झाली किंवा कसे, याचा खुलासा तात्काळ सादर करावा.'

दिव्यानी तडक भैयाजींच्या टेबलापाशी गेली आणि तिनं दोन्ही पंजे त्यांच्या तोंडासमोर धरले. "मोजा."

भैयाजींनी चष्मा लावून मोजली. "दहा हायेत. मी का नाई म्हनतो? पन हे माहं खासगी मत झालं."

"मंग तसं लिहा ना त्याइले!"

"लिहू कुठी? त्या संगणकात तीनच पर्याय हायेत. उजवा हात, डावा हात, दोन्ही हात. कमीच नाई झाली असा पर्याय नाई." मग आवाज खाली आणून ते आपुलकीनं म्हणाले, "तुले जादा तरास नको म्हनून मी डावा हात निवडला. करंगळी आन् तिच्या बाजूचं. त्याइचं तसंबी काई काम नसते."

दिव्यानीनं कपाळावर हात मारला. सगळ्या बोटांनी.

प्रकरण वैद्यकीय तपासणीकडे गेलं. डॉक्टर सरळमार्गी निघाले. 'एकूण बोटे दहा, हालचाल उत्तम,' असा त्यांनी दाखला दिला. दिव्यानीनं तळावर पेढे वाटले. पेढ्यांची चव जिभेवर होती तोवरच कक्षाचं दुसरं पत्र आलं. 'दोन बोटे कमी झाल्यानंतरही दहा शिल्लक आहेत, त्याअर्थी मूळ बोटे बारा होती हे उघड आहे. भरतीच्या वेळी ही बाब दडवून ठेवली किंवा कसे, याची चौकशी व्हावी.'

चौकशी अधिकारी गाडी घेऊन दिव्यानीच्या गावी पोचले. तिची आई बुधरी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मुलीला जन्मतः बारा बोटं होती का, असं त्यांनी तिला गंभीरपणे विचारलं.

बुधरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बारा बोटं असती तं मी तिले पोलिसात जाऊ देली असती का जी? मोहफूल येचाले नसती ठेवली घरी?"

अधिकाऱ्यांनी अहवालात नोंदवलं, 'माता बारा बोटांची उपयुक्तता मान्य करते.'

इकडे कक्षही हातावर हात धरून बसला नव्हता. एका जवानाची बोटं कमी आहेत आणि शासन तिच्या पाठीशी उभं आहे, या भावनेनं तिथल्या तज्ज्ञांनी रात्रीचा दिवस केला आणि कार्बाईनची सुधारित आवृत्ती तयार केली. बंदूक पुढून ज्या मुठीला धरतात तिथली शेवटच्या दोन बोटांची जागा काढून टाकली. त्यामुळे वजन अकरा ग्रॅमनं घटलं. तिथं आता उघडी नळी होती आणि दहा गोळ्यांनंतर ती तव्यासारखी तापायची. पुढचा भाग दोन बोटं कमी झाल्यावर बंदुकीचा तोल बिघडला. तो सावरण्यासाठी मागची बट दोन बोटं वाढवण्यात आली.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ही सुधारित कार्बाईन सबंध पथकाला वाटण्यात आली. सोबत आलेले तज्ज्ञ साहेब दिव्यानीला शोधत आले आणि त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला. "ही तुमच्यासाठी केली आम्ही," ते गहिवरून म्हणाले. तिचा डावा हात पाहणं त्यांना शिष्टाचारात बसलं नाही.

पहिल्याच सरावात सगळ्या पथकाच्या डाव्या हाताची दोन-दोन बोटं पोळली. दिव्यानीचीही पोळली, आणि वाढलेली बट आता थेट खांद्याबाहेर लोंबत होती. ती तणतणत बापूरावांकडे आली.

"भाऊ, आता तं काईच बसून नाई राह्यलं. का करू मी?"

बापूरावांनी खिशातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं. "डाव्या हाताची दोन बोटं मुडप आन् बांधून टाक."

"माही बोटं चांगली धडधाकट हायेत, मी काऊन बांधू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. निवडीसाठी चार महिने रजा न घेता गाळलेला घाम, तो डोंगर, ते मागे पडलेले पहिलवान, सगळं तिला आठवलं. "मी लुली हाओ का?"

"नाई. पन बंदूक तशी हाये ना." बापूरावांनी पट्टी फाडली. "तुले ते टेबल पायजे का इथी राहाचं हाये?"

तिनं हात पुढे केला.

परीक्षेच्या दिवशी बाकीचे जवान पोळलेली बोटं झटकत, फुंकत गोळ्या झाडत होते. बट खांद्याला लागत नाही म्हणून दिव्यानीनं ती काखेत दाबली. दुर्बिणीचा प्रश्नच मिटला. उरलेल्या आठ बोटांनी बंदूक धरून, गलोलीनं चिंचा पाडताना धरावा तसा तिनं नुसत्या नजरेनं नेम धरला. सोळा गोळ्या लागल्या. पथकात ती पहिली आली आणि नापास झालेल्या नऊ जणांसाठी जिल्ह्याला नवी टेबलं मागवावी लागली.

तज्ज्ञ साहेबांनी जागच्या जागी अहवाल लिहिला. 'दोन बोटे कमी असलेल्या वापरकर्त्याने सर्वोत्तम निकाल दिला, सबब सुधारणा पूर्णतः यशस्वी.' महिन्याभरात ही कार्बाईन आणखी सहा विशेष पथकांनी स्वीकारली. पाठोपाठ परिपत्रक निघालं, 'ज्या जवानांस दहा बोटे असतील त्यांनी अतिरिक्त दोन बोटे वापरात न आणण्याची दक्षता घ्यावी.' चिकटपट्टीचा पुरवठा नियमित झाला. बारा बोटांची चौकशी अजून चालू आहे.

दिव्यानी पथकात राहिली. पुढे रजेवर घरी आली, तेव्हा आईसोबत तेंदूपत्त्याचे पुडे बांधायला बसली. बुधरी पुडा बांधता बांधता म्हणाली, "ह्या दोन बोटाइले का झालं वं? मुडपूनच काऊन ठेवली?"

दिव्यानीनं हाताकडे पाहिलं. पट्टी नव्हतीच. बोटं आपली आपण मिटलेली होती.

"काई नाई बाई," ती म्हणाली. "सरकारात ते कमी हायेत."

तुम्हाला हसू येत असेल. खुशाल हसा. फक्त हसून झालं की पाकिटातलं ते कार्ड जरा बाहेर काढा. त्यावर तुमच्या नावाची एक वेलांटी चुकली होती, आठवतं? दुरुस्तीसाठी चार खेटे घातलेत. पाचव्या खेपेला खिडकीतल्या माणसानं कानात एक सोपा उपाय सांगितला आणि तुम्ही बँकेत, लाइटच्या बिलावर, पोराच्या शाळेत त्याच चुकीच्या वेलांटीनं नाव करून घेतलंत. सहीसुद्धा बदललीत. आता कुणी तुमचं नाव बरोबर लिहिलं, तर तुम्हीच त्याला थांबवून म्हणता, "अहो, चुकलं तुमचं."