काढू का?

घनसावंगीत लग्नाला फोटोवाले मुंजाभाऊ असले की अंतरपाट दूर झाल्यावर नवरीनं हार उचलायचा आणि तसंच ताटकळायचं. कारण कॅमेरा छातीशी धरून मुंजाभाऊ तिला विचारत असायचे, "ताई, काढू का?" नवरी लाजून मान खाली घाली. मुंजाभाऊंच्या लेखी तो नकार. मग तिच्या मावशीला मध्यस्थी करावी लागे. तोवर पंगतीतला भात पार गार होऊन जाई.

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, म्हणून मला हे सगळं जवळून सोसावं लागलं. विम्यासाठी बैलाचा फोटो काढायचा तरी ते बैलाला विचारत.

"बैल काय सांगणार, मुंजाभाऊ?"

"त्याला पटलं न्हाई तर शिंगं हायेत, सर. माणसाला तेबी न्हाईत."

आमच्याकडे गेलेल्या माणसाचा एकही फोटो नसला, तर तिरडी बांधता बांधता फोटोवाल्याला बोलावतात. मुंजाभाऊ बिलकुल जात नसत. "डोळे मिटल्यावर कुणाला इचारू?" त्यापेक्षा म्हाताऱ्यांना वेळेत गाठावं, असं त्यांनी ठरवलं आणि गावाची पंचाईत केली. ते कॅमेरा घेऊन ओसरीवर दिसले, की अंथरूण धरलेला म्हाताराही "मला काय धाड भरली?" म्हणत उठायचा आणि थेट शेत गाठायचा. डॉक्टरपेक्षा मुंजाभाऊंचा गुण लवकर येतो, असं लोक बोलू लागले.

मग त्यांची बायको सरूबाई गेली. गावभर फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात तिचा एक फोटो नव्हता. हे रोज विचारायचे आणि ती रोज म्हणायची, "नगं बाई, कामं पडलीत." तिरडी बांधताना मेहुण्यानं कॅमेरा आणून दिला. "दाजी, काढा जल्दी. पुन्हा दिसायची न्हाई ती."

मुंजाभाऊंनी कॅमेरा घेतला आणि कपाटात ठेवून दिला. "जल्मभर न्हाई म्हणली. आता बोलता येत न्हाई म्हणून काढू का?"

तेराव्याला गेलो, तर भिंतीवर फ्रेम, फ्रेमला झेंडूचा हार आणि आत म्हैस. तीच म्हैस बाहेर गोठ्यात कडबा खात होती. पंगतीत माना खाली घालून हसू दाबणं चाललं होतं. मलाही आवरेना.

"मुंजाभाऊ, अहो, जित्या म्हशीला हार?"

त्यांनी मला हाताला धरून फ्रेमजवळ नेलं. हार जरासा बाजूला सारला. कडेला म्हशीचं दावं होतं आणि ते धरलेला हिरव्या बांगड्यांचा एक हात. बाकी सरूबाई फोटोबाहेर.

"म्हशीचा फोटो काढून राह्यल्तो, सर. तवा तिला इचारलं, तुझा हात येतूय, चालंल का?"

"मग?"

"म्हणली, हात येऊ द्या."