तीस बाय तीसची ऊब

तीस सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर. एक दोरा कमी नाही, एक दोरा जास्त नाही.

फोटोत कोपऱ्यात चहाचा कप असावा. कप भरलेला असावा. तो कुणी पिऊ नये.

माझ्या आईने चौतीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले.

आतापर्यंत सर्वांत जास्त चर्चा 'मौन' या विषयावर झाली.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलं की गुडघे गार पडतात.

हाताने केलेल्या कामाने माणूस मोठा होतो, यावर सर्व विचारवंतांचं एकमत आहे. काम केवढं असावं यावर मात्र आमचा ग्रुप निघेपर्यंत एकमत नव्हतं. जुन्या लोकांचा समज असा, की गोधडी माणसाएवढी असावी. त्यामुळे गोधडी शिवायला दोन-दोन महिने लागत, ती पूर्ण झाली की कुणीतरी अंगावर घेऊन झोपून जाई, आणि कलेचा विषय तिथेच संपे. आमच्या ग्रुपने हा दोष मुळापासून काढून टाकला. आमची गोधडी अंगावर घेताच येत नाही.

ग्रुपमध्ये सहा हजार सभासद आहेत. दर पंधरवड्याला एक विषय मिळतो आणि त्यावर छोटी गोधडी शिवून फोटो टाकायचा असतो. विषय देणाऱ्या बाईंना आम्ही कॅप्टनबाई म्हणतो. त्यांना कुणी पाहिलेलं नाही, फक्त व्हिडिओत त्यांचे हात दिसतात, तेही मनगटापर्यंत. पण एवढे ठाम हात मी दुसऱ्या कुणाचे पाहिलेले नाहीत.

मुख्य नियम देते.

नियम चार: कलाकृती वापरू नये. वापरलेली, धुतलेली किंवा कुणी मांडीवर घेतलेली कलाकृती बाद.

नियम सात: कलाकृती दुसऱ्या कलाकृतीला जोडू नये.

(मधले दोन नियम कपाबद्दल आहेत.)

मी वर्षभरात पंचवीस गोधड्या केल्या. एकही पंधरवडा चुकवला नाही, म्हणून माझ्या नावापुढे 'अखंड' अशी पट्टी लागते. 'क्षितिज', 'माझ्यातली नदी', 'लाल, पण राग नव्हे', 'चहाचा डाग', 'अपूर्णता' (ही मुदतीत पूर्ण करून द्यायची होती). पंचवीस गोधड्यांचं एकूण क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटर. फोटोंखाली लोकांनी दाबलेले लाल बदाम तीन हजार एकशे सहा. त्यांनी झाकलेली माणसं शून्य. हे तीनही आकडे मी लोखंडी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवले होते. गोधड्या त्या पेटीत असत, मधे पातळ कागद घालून.

जेवणाच्या टेबलावर मशीन, कापडं आणि फोटोसाठी खाली ठेवायची पाटी असते. जेवण आम्ही मांडीवर ताट घेऊन करतो. नवऱ्याने सुरुवातीला कुरकुर केली, नंतर त्याला टेबल नावाची वस्तू आपल्याकडे आहे याचाच विसर पडला.

आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे आली. ती दिवसभर खिडकीजवळ बसते आणि मला बघते.

"काय शिवतेस?"

"'मौन'."

"आणि माझ्या गुडघ्यांवरचं?"

"हे झालं की लगेच, आई."

"तू लहानपणी अभ्यासाबद्दल असंच म्हणायचीस."

तिला स्वतःला शिवता आलं असतं. पण सुईत दोरा ओवायला आता दिसत नाही. (मी चष्म्याच्या दुकानात काम करते. तिचा नंबर काढायचा आहे.)

गेल्या महिन्यात एका सोमवारी मी दुकानातून आले, तर आई खुर्चीत छातीपासून पायांपर्यंत झाकून बसली होती. मी जवळ गेले. गळ्याजवळ 'क्षितिज' होतं. डाव्या कुशीला 'माझ्यातली नदी'. पायांशी 'अपूर्णता'. पेटी उघडी होती आणि मधले पातळ कागद नीट घडी करून रद्दीत गेले होते.

"आई, हे काय आहे?"

"गोधडी. तू बघितली नसशील. अशी असते."

"ह्या पंचवीस कलाकृती होत्या!"

"आता एकच आहे. पण पाय झाकतात."

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "सुया मी ओवून दिल्या," तो म्हणाला. "अकरा सुया, चार दिवस. आधीच सांगतो, म्हणजे चौकशी बसवायला नको."

"तुला एकदाही वाटलं नाही मला विचारावं?"

"विचारणार होतो. पण तू 'मौन'च्या चर्चेत होतीस."

मी टाके पाहिले. पाच आडव्या रांगा, पाच उभ्या, जोड कुठे आहे ते बोटाला कळत नव्हतं. इंचाला नऊ टाके, सगळे सारखे. (माझे चार पडतात, तेही चार दिशांना. ग्रुपमध्ये त्याला 'मुक्त टाका' म्हणतात.) वाईट काम नव्हतं. फक्त नियमात बसत नव्हतं.

मी चार दिवस ते चालवून घेतलं, हे इथे नोंदवून ठेवते. आई रात्रीचीही तीच घेऊन झोपत होती. तिने गुडघे चोळणं बंद केलं होतं.

शुक्रवारी सव्विसावा विषय आला. 'ऊब'.

कॅप्टनबाईंनी लिहिलं होतं: "या पंधरवड्यापुरता नियम चार शिथिल. या वेळी कापडाला एखाद्या माणसाची खरी ऊब लागलेली हवी. नवं कापड चालणार नाही. बाकी नियम कायम."

सहा हजार सभासदांमध्ये हाहाकार उडाला. आमच्यापैकी कुणाकडेही कुणी अंगावर घेतलेलं असं काही शिल्लक नव्हतं. एका सभासदाने मांजर चालेल का असं विचारलं. (नाही.) आणि माझ्या घरात, खिडकीजवळ, सव्वादोन चौरस मीटर ऊब नुसती पडून होती.

अडचण फक्त नियम सातची होती, आणि तिच्यावर उपाय कात्रीचा.

आई माझ्या नवऱ्याबरोबर व्यायामाला गेली, तेव्हा माझ्या हातात चाळीस मिनिटं होती. कडेचा तुकडा काढता आला असता. त्याने गोधडीचं फारसं बिघडलंही नसतं. पण मी प्रामाणिक आहे. मी हात लावून पाहिलं, कडेला ऊब नव्हती. ऊब मधोमध होती, तेराव्या तुकड्यात, जो बरोबर आईच्या गुडघ्यांवर येत होता. मी तो चारही बाजूंनी सरळ कापला. तीस बाय तीस. कपात चहा ओतला. फोटो काढला. खाली लिहिलं, 'आईच्या गुडघ्यांची ऊब'.

आई आली, खुर्चीत बसली आणि गोधडी ओढून घेतली. मग तिने भोकातून दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं.

"कात्री कुठली घेतलीस?"

"कापडाची."

"बरं केलंस. कागदाचीने कडा उसवल्या असत्या." तिने कडेवरून बोट फिरवलं. "सरळ कापलंयस. पहिल्यांदाच. आता बुजवून दे."

"आई, पुढचा विषय 'पोकळी' आहे. मी विचारून घेतलं, कॅप्टनबाई म्हणाल्या, भोकाला हात लावू नका."

"बरं," आई म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "जावईबापू, कालचा पेपर आहे का?"

पेपर होता. ती तो गुडघ्यांवर पसरून घेते. तेवढा तो पुरतो, फक्त पंखा लावता येत नाही.

'ऊब'मध्ये माझा पहिला क्रमांक आला. चारशे बारा बदाम. 'डोळ्यांत पाणी आलं', 'फोटोवर हात फिरवावासा वाटतो', 'आईंना माझा नमस्कार सांगा.' (सांगितला. ती म्हणाली, "बरं.") एकदा कापलेला तुकडा परत जोडला, तर क्रमांक जातो. तो आता काचेच्या चौकटीत आहे.

'पोकळी'चा फोटो येत्या गुरुवारी टाकणार आहे. तुम्ही इथवर वाचत आलात, म्हणजे तुम्हालाही आईबद्दल काहीतरी वाटलं असणार. तशी सोय केलेली आहे, फोटोखाली बदाम असेल. तो दाबला की वाटून होतं. आजवर ज्यांना ज्यांना वाटलं, त्यांतल्या एकानेही तिचे गुडघे आता कशाने झाकले असं विचारलेलं नाही, आणि तुमच्याकडून तशी अपेक्षा ठेवून मी तुम्हाला अवघडून टाकणार नाही.

ग्रुपवरची माझी पहिली पोस्ट अशी होती: 'आईच्या गुडघ्यांसाठी गोधडी शिवायची आहे. कुठून सुरुवात करू?' तिला एकही बदाम मिळाला नव्हता.