बोंद्रेकाकांचं शुक्रवारचं ऑफिस

दर शुक्रवारी सकाळी आठ वाजता समोरच्या फ्लॅटमधून बोंद्रेकाका बाहेर पडायचे. इस्त्रीचा शर्ट, टाय, चकचकीत बूट, हातात डबा. लिफ्टने खाली जायचे, इमारतीला एक फेरी मारायचे आणि परत वर येऊन स्वतःच्याच हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर बसायचे. दुबईत तेव्हा शुक्रवार म्हणजे सुट्टीचा दिवस.

मुलांनो, तुमची आई तेव्हा दहा वर्षांची होती आणि तुमचा मामा सात. आम्ही दुबईच्या अल मनखूल भागात राहत होतो. बोंद्रेकाका एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. बायको नाशिकला शाळेत शिक्षिका, मुलगी मृणाल तिच्याजवळ. अकरा वर्षं काका इथे एकटे. फोनच्या वायरीवरून चालणारं इंटरनेट आलं तसं त्यांना कॅनडातल्या एका आर्किटेक्टचं काम मिळालं. तो हाताने काढलेले आराखडे पाठवायचा, काका ते कॉम्प्युटरवर रेखून परत पाठवायचे. नोकरी सोडायची आणि हेच काम नाशिकला घरी बसून करायचं, असा त्यांचा बेत होता.

"मग सोडताय कधी?" तुमचे आजोबा विचारायचे.

"ट्रायल चालू आहे साहेब. पास झालो की सोडतो, इन्शाल्ला."

इथे राजीनामा दिला की व्हिसा रद्द, आणि महिन्याभरात देश सोडायचा. परत फिरायची सोय नाही. म्हणून ही ट्रायल.

ती त्यांनी ज्या शिस्तीने केली, तशी शिस्त मी आयुष्यात दुसरीकडे पाहिली नाही. आणि मी मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावणारी बाई आहे. एकदा मी पोहे घेऊन गेले तर दार अर्धवट उघडून म्हणाले, "वहिनी, मी ऑफिसात आहे. एक वाजता लंच." मी एक वाजता परत गेले. थंड पोहे त्यांनी आनंदाने खाल्ले.

नाशिकला वीज जाते, म्हणून त्यांनी तुमच्या आजोबांवर एक कामगिरी सोपवली. "साहेब, अकरा ते चारमध्ये केव्हाही माझा मेन स्विच पाडायचा. आधी सांगायचं मात्र नाही." आजोबांना हा उद्योग फारच आवडला. भर जुलैत एसी बंद, अंगावर टाय, आणि काका कागदावर पेन्सिलने पुढचं काम रेखत बसलेले. घाम कागदावर पडू नये म्हणून मनगटाला टॉवेल बांधलेला. मी दारातून पाहिलं आणि आवाज न करता परत आले.

मग त्यांनी तुमची आई आणि मामा मागितले.

"दर शुक्रवारी दोन तास माझ्या हॉलमध्ये दंगा करायचा. चॉकलेट मिळेल."

"बट अंकल, व्हाय?" तुमच्या आईने विचारलं.

"प्रॅक्टिस, हबीबी. शांततेत काय, कोणीही काम करेल."

पहिल्या शुक्रवारी दोघं सोफ्यावर हात बांधून बसली. काका खुर्ची वळवून म्हणाले, "यल्ला, चला उठा, हा काय दंगा झाला?" पुढच्या शुक्रवारपासून मात्र सांगावं लागलं नाही. मुलं उड्या मारत, भांडत, त्यांच्या खुर्चीखालून रांगत. काका मान वर करत नसत.

सहा महिने असे गेले. एका शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात काका, चेहरा पांढराफटक.

"वहिनी, तुमच्या मुलाने फोनची वायर उपटली. तीन दिवसांचं काम पाठवत होतो, निम्म्यात तुटलं."

मी चप्पल शोधायला लागले. "थांबा, बघतेच मी त्याच्याकडे."

"अहो, नाही. मी ओरडलो नाही, हे सांगायला आलोय." ते खुर्चीत बसले. "म्हटलं, जा बाळ, हात धू, चॉकलेट घे. उद्या शनिवारी राजीनामा देतो."

"पण काम बुडालं ना?" तुमचे आजोबा म्हणाले.

"काम परत पाठवता येतं, साहेब." काकांनी टाय सैल केला. "गेल्या सुट्टीत मी घरी कॉम्प्युटर लावून बसलो होतो. मृणालने मागून येऊन माझे डोळे झाकले. मी केवढ्यांदा ओरडलो. एकटं राहून राहून माणसांची सवयच राहिली नव्हती. पुढचे वीस दिवस ती माझ्या खोलीवरून जाताना पैंजण हातात घेऊन जायची."

वीज, व्हिसा, टाय, डबा, मला वाटत होतं ट्रायल त्या सगळ्याची चालली आहे. मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला.

पाणी पिऊन ते हळूच म्हणाले, "वहिनी, एक विचारू? बारा वर्षांच्या मुलींना वडिलांनी काय काय विचारलेलं आवडतं?"

आणि उत्तर लिहून घ्यायला त्यांनी खिशातून पेन काढलं.