सहा मिनिटं चाळीस सेकंद

मंगळवारी सकाळी अण्णा कोठावदे गेले. चौदाव्या दिवशी त्यांच्या मुलीने मला एक सीडी दिली आणि एक वाक्य सांगितलं. या दोनपैकी कुठल्या दिवशी सगळं बदललं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अण्णांची ओळख करून द्यायची तर लाल टिकलीपासून सुरुवात करावी लागेल. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तयार माल तपासला. नग खराब निघाला की त्यावर लाल टिकली, चांगला निघाला की हिरवी. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल आणि नारळ दिला. टिकल्यांचे उरलेले रोल त्यांनी स्वतः मागून घेतले. त्यानंतर आमच्या सोसायटीतली एकही वस्तू तपासणीतून सुटली नाही. कुरकुरणाऱ्या फाटकावर लाल टिकली. शुद्धलेखनाच्या तीन चुका असलेल्या नोटिशीवर तीन लाल टिकल्या. एकदा चेअरमनच्या गाडीवरही टिकली दिसली. चेअरमन जाब विचारायला वर आले, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले की टिकली गाडीला नाही, पार्किंगला लावली आहे. तिरक्या पार्किंगवर ती चिकटत नाही, म्हणून गाडीचा आधार घेतला.

सहा वर्षांपूर्वी मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी माझ्या दारावरच्या पाटीला टिकली लागली. पाटी दोन मिलिमीटर तिरकी होती. मी ती सरळ केली. अण्णांनी येऊन पाणसळ लावली, आतला बुडबुडा मध्यावर थांबलेला पाहिला आणि लाल टिकली काढून घेतली.

"हिरवी नाही लावत?" मी विचारलं.

"हिरवी अजून कुणाला दिलेली नाही," ते म्हणाले.

'टॉलरन्सच्या बाहेर' हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग. नगाच्या मापात जेवढी चूक चालवून घेतात, तिला कारखान्यात टॉलरन्स म्हणतात. टोमॅटो, नातेवाईक, निवडणुकीतले उमेदवार आणि उन्हाळा हे सगळं त्यांच्या लेखी टॉलरन्सच्या बाहेर होतं. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची पोळी ते व्हर्नियरने मोजत. मावशी दोनदा काम सोडून गेल्या आणि दोनदा परत आल्या, कारण पोळी मोजूनही अण्णा ती शेवटच्या घासापर्यंत खात. मावशी म्हणायच्या, "मोजून झाली असंल तर खा अण्णा, निवली."

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी ते माझ्या दारात उभे राहिले. त्यांना सीडी प्लेयर घ्यायचा होता, वरच्या दर्जाचा. जुन्याची लेन्स गेली होती. त्याच्या जागी आणलेल्या साध्या प्लेयरवर आठवड्याच्या आत लाल टिकली लागली होती. प्लेयर निवडायला मी सोबत यावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला संगीतातलं काही कळत नाही, असं मी सांगितलं.

"कळायला नकोच आहे," ते म्हणाले. "बाई, तुम्ही तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलीत. म्हणजे तुमचे कान जवळजवळ न वापरलेले. मला कान पाहिजेत."

स्वतःच्या कानांबद्दल ते बोलत नसत. त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या तळमजल्यापर्यंत ऐकू येत. पुण्याहून त्यांची मुलगी वैशाली येई आणि कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागे. एकदा तिने यंत्र आणूनसुद्धा दिलं. डबीवर संध्याकाळपर्यंत लाल टिकली लागली. टेबलावरचं यंत्र चांगलं असलं की कानात यंत्र लागत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता.

प्लेयर यायच्या आधी त्यांनी त्याची जागा तयार केली. सागवानी स्टँड करवून घेतला. त्याच्या चारही पायांखाली पुठ्ठ्याचे बारीक तुकडे सरकवून तो पाणसळीत आणला आणि वर धुतलेला रुमाल अंथरला. त्या स्टँडवर कुणी वर्तमानपत्र ठेवलेलं त्यांना चालत नसे.

मग आमची निवड सुरू झाली. आधी कॉलेज रोडवरचं दुकान. अण्णांनी प्लेयर उचलून वजन पाहिलं. झाकणावर टिचकी मारली. ट्रे अकरा वेळा आत-बाहेर केला आणि दुकानदाराला सांगितलं की येताना तो थरथरतो. दुकानदार मध्यमवयीन, सोशिक गृहस्थ होते. ते म्हणाले, "काका, आता सीडी कोण ऐकतं? सगळं फोनवर मिळतं."

"माझी सीडी मिळते?"

"तुमची म्हणजे?"

"ही." त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या साध्या पाकिटातली एक सीडी काढली.

ती एका मैफलीची होती. इथल्याच एका सभागृहात झालेली मैफल, संगीत मंडळाने रेकॉर्ड करून सभासदांना वाटलेली. अण्णांनी मला खुर्चीत बसवलं, घड्याळ हातात घेतलं आणि सहा मिनिटं चाळीस सेकंदाला काय ऐकू येतं ते सांगा, एवढंच म्हणाले. काय ऐकू यायला हवं, हे विचारल्यावर त्यांनी मान हलवली. "दुसऱ्या इन्स्पेक्टरला आधी काही सांगायचं नसतं. सांगितलं की त्याला तेच दिसतं."

आलाप संथ चालला होता. सहा मिनिटं चाळीस सेकंदाला गायकाने श्वास घेतला आणि त्या फटीत श्रोत्यांपैकी कुणीतरी खोकलं. दोनदा. पदर तोंडाशी धरून दाबल्यासारखं. मागोमाग बांगडी वाजली.

मी डोळे उघडले. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या मागे दुकानदार हात जोडल्यासारखे उभे होते. मला सगळं लख्ख कळलं, निदान तसं वाटलं. जन्मभर दोष शोधलेला हा माणूस, त्याला आलापात खोकला खपणार नाही. खोकला तर रेकॉर्डिंगमध्येच आहे, तो कुठल्याही यंत्राने जाणार नाही. मी खरं बोलले तर हे घरी रिकाम्या स्टँडसमोर बसून राहणार.

"काही नाही," मी म्हणाले. "एकदम स्वच्छ."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी सीडी काढून पाकिटात घातली. "नही शे," म्हणजे नाहीये, असं स्वतःशी म्हणाले. ते मूळचे सटाण्याकडचे. एरवी माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत, पण मन खट्टू झालं की अहिराणी निघायची. मग दुकानदाराकडे वळून म्हणाले, "पास नाही."

मला वाटलं, त्यांना खोकला ऐकू आला आहे, आणि मी खोटं बोलले तेही त्यांना कळलं आहे. म्हणून पुढच्या वेळी मी जास्त ठामपणे खोटं बोलायचं ठरवलं.

अशी तीन वर्षं गेली. दुकानं संपली, तसे आम्ही ओळखीतून लोकांच्या घरी जाऊ लागलो. देवळाली कॅम्पला एक निवृत्त कर्नल मुलाकडे राहायला निघाले होते आणि परदेशातून आणलेला प्लेयर विकणार होते. यंत्र इतकं जड की अण्णांनी उचलून बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. ट्रे लोण्यासारखा बाहेर आला. पाणसळीतला बुडबुडा मध्यावर थांबला. कर्नलसाहेबांचे कान तोफांनी नेले होते आणि अण्णांचे वयाने. दोघांना जेमतेम ऐकू येईल इतका आवाज वाढवल्यावर खिडकीची तावदानं थरथरली आणि कर्नलच्या पत्नी व मी कान झाकून एकमेकींकडे बघत बसलो.

"क्या गला है!" कर्नल ओरडले.

"आं?" अण्णा म्हणाले.

मग अण्णांनी आवाज कमी करून माझ्याकडे बघितलं. इतक्या सुंदर यंत्रावर खोकला बाजूच्या खोलीतून आल्यासारखा जिवंत वाजला होता. बांगड्या दोन होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. अण्णांचा चेहरा बघून माझ्या मनात आलं की हा प्लेयर ह्यांना मिळालाच पाहिजे.

"एकदम स्वच्छ, अण्णा. सुई पडली तरी ऐकू आली असती."

त्यांनी प्लेयरच्या झाकणावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग कर्नलना नमस्कार करून बाहेर पडले. बसमध्ये त्यांनी मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली. तिच्यातले दाणे मोजले नाहीत, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

शेवटचं घर विंचूरचं. कांद्याचे एक व्यापारी, त्यांच्या हॉलमध्ये कपाटाएवढे स्पीकर. कांद्याची धूळ स्पीकरवरही होती. त्यांनी चहा दिला आणि सांगितलं, "घेऊन जा अण्णा, तसाबी पडूनच हाय. पोरं फोनवर ऐकत्यात. आम्हाला लय भारी वाटायचा." सीडी लागली. मी नेहमीचं उत्तर दिलं. अण्णांनी त्या दिवशी ट्रेला, वजनाला, कशालाच नाव ठेवलं नाही.

परतताना गाडीत ते म्हणाले, "बाई, तुमचे कान चांगले आहेत ना?"

"शाळेत तपासणी झाली मागच्या महिन्यात. उत्तम आहेत म्हणाले."

"मग झालं," अण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर द्राक्षांच्या बागा बघत बसले.

त्यानंतर त्यांनी प्लेयरचं नाव काढलं नाही. मला बरं वाटलं. वाटलं, निर्दोष यंत्र जगात नसतं हे त्यांनी एकदाचं मान्य केलं. माझ्या तीन वर्षांच्या थापांनी का होईना, माणूस निवला. फाटक पुन्हा कुरकुरू लागलं, तरी त्यावर टिकली लागली नाही. दोन महिन्यांनी, मंगळवारी, मावशींना ते खुर्चीत सापडले.

चौदाव्या दिवशी वैशाली घर आवरत होती. तिने मला बोलावलं आणि ती सीडी हातात दिली, या वेळी तिच्या मूळ डबीत. डबी मी कधी पाहिली नव्हती. तिच्यावर हिरवी टिकली होती. हिरवीखालून लाल टिकलीची कड दिसत होती.

"ताई, ही तुम्ही ठेवा," ती म्हणाली. "आमच्याकडे लावायला काही नाही आणि तसंही यात आता काही राहिलं नाही म्हणायचे."

काय राहिलं नाही, असं मी विचारलं.

"आई. तुम्हाला सांगितलं नव्हतं का त्यांनी?"

मग तिने सांगितलं. तिच्या आईला त्या संध्याकाळी बरं नव्हतं. अण्णांनीच आग्रहाने मैफलीला नेलं. आलापात ती खोकली. घरी येईपर्यंत अण्णा स्कूटरवर तिला बोलत होते. सीडी आली तेव्हा येईल त्याला ते ती जागा काढून ऐकवायचे आणि डबीवरची लाल टिकली दाखवायचे. आई हसायची आणि चहा टाकायला आत जायची. पुढे दोन वर्षांनी ती गेली. कॅमेरा दिसला की ती तोंड मिटून घ्यायची, त्यामुळे घरात तिचा दुसरा आवाज नव्हता. जुन्या प्लेयरवर अण्णा रोज सकाळी सहा मिनिटं चाळीस सेकंदापर्यंत ऐकायचे आणि बंद करायचे. पुढचं गाणं त्यांनी बहुतेक कधी ऐकलंच नाही.

"मग त्यांना ते ऐकू येईनासं झालं," वैशाली म्हणाली. "मी म्हणायची, अण्णा, कान गेलेत तुमचे. ते म्हणायचे, माझे गेले असतील, बाईंचे नाहीत. शेवटी फोनवर म्हणाले, बाईंनाही ऐकू येत नाही, म्हणजे सीडीतूनच गेली ती."

मी डबी घेऊन घरी आले. दार लावलं की उघडं ठेवलं, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रंथालयातल्या जुन्या संगणकात मी सीडी घातली. इंग्रजीच्या तासाला मुलं वापरतात ते हेडफोन लावले. त्यांतला एक बंद होता. एका कानाने ऐकलं. संध्याकाळी पुण्याला फोन केला.

"वैशाली, ऐकू येतं."

तिने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग तिने विचारलं, "ताई, आज पहिल्यांदा ऐकू आलं?"

नाही, असं मी सांगितलं. पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. त्यांना चांगलं वाटावं म्हणून नाही म्हणत होते.

फोन चालू होता. तिकडे कुकरची शिट्टी झाली. ती मला काय म्हणेल याची मी वाट पाहत होते, आणि जे म्हणेल ते कमी पडेल हेही मला माहीत होतं. मग ती म्हणाली, "उद्या ग्रंथालयातून फोन करा. मला लावून दाखवा."

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन काढला, संगणकाचा आवाज मोठा केला आणि फोन त्याच्याजवळ धरला. तिने तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ती हसली. "किती दाबून खोकली आहे," ती म्हणाली. "भीत होती त्यांना." मग तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही.

समोरचा फ्लॅट बंद आहे. सागवानी स्टँड वैशालीने माझ्याकडे ठेवला आहे, त्यावर मी काही ठेवत नाही. सीडी माझ्या कपाटात आहे. सहा मिनिटं चाळीस सेकंदाला एक बाई खोकतात. दोनदा. स्पष्ट ऐकू येतं.