विरजोजी नाइकांनी आतडेप्रांती केलेली शर्थ

श्री जठराग्नी प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, एका राज्यात मोठ्या आतड्याचे प्रांती जे वर्तमान जाहले ते लिहिले आहे, थोरांनी मान डोलवावी.

प्रांती गाठोजी म्हणोन कर्करोगाचा पुंड माजला. तो परका नव्हे, घरच्याच पेशींतला. आणि पहाऱ्यावरील पांढऱ्या शिलेदारांची रीत ऐशी की, ज्याचे अंगी राज्याचा शिक्का त्यास मुजरा करावा, परक्यास कापावे. गाठोजीचे अंगी शिक्का, म्हणोन हे शहाणे त्यासच मुजरे करीत, आणि तो रसद खाऊन गढी वाढवी. मग औषधांचे सरदार रसायनखान आले, आणि त्यांनी तोफा डागोन बुरूज पाडिले, परंतु आतले तळघर, जेथे वाराही शिरत नाही, तेथवर गोळा पोहोचेना, आणि रयतच होरपळो लागली. या देहराज्याचे धनी जे महाराज, त्यांचे प्राण कंठाशी आले.

तेव्हा दह्याचे गोतातले विरजोजी नाईक उठले. मूर्ती इतकी लहान की डोळ्यास दिसेना. खान हसोन बोलिले, "नाईक, तुम्ही ताककढीचे धनी. तुमचे येथे काय काम?"

नाईक बोलिले, "खानसाहेब, वारा नसे तेथेच आमचा संसार. तळघरात आम्ही शिरतो, आणि गाठोजीचे माणसांस आमच्या परक्या कुळीचा पट्टा चिकटवितो. मग शिलेदार बरोबर ओळखतील."

खान चपापले. "अहो, मग ते तुम्हांसही कापतील!"

"कापोत. परकेच आहो आम्ही. परंतु अन्न याच घरचे खाल्ले."

बोलताना नाइकांस दह्याचे मडक्यात ठेविलेली लेकरे आठवली, तरी पाय मागे घेतला नाही. मग फौज घेवोन जठराची आंबट नदी उतरले, निम्मे गडी तेथेच विरघळले, आणि उरले ते तळघरात शिरोन पट्टे चिकटवो लागले. शिलेदारांनी पट्टे पाहिले मात्र, "परका! परका!" म्हणोन तुटोन पडले, आणि खानांनी फुटक्या भिंतीतून मारा चालविला, आणि गढी बसली. त्या गर्दीत शिलेदारांचेच हाते नाईक कामी आले. खानांनी पागोटे उतरोन ठेविले आणि म्हणाले, "आज आम्ही धाकटे."

एवंच, तोफ खानांची, तलवार शिलेदारांची, मदत नाइकांची. गाठोजी पुरता मेला ऐसे कोणी म्हणो नये, पहारा जारी आहे. परंतु महाराज उठोन बसले, ताट मागविले, आणि पहिला घास दहीभाताचा घेतला. त्या घासासरशी विरजोजींची लेकरे चाकरीस रुजू जाहली.