शिरगावातला बेपत्ता पाळणा

‘महेश देसले. गुप्तहेर. ठाणे जिल्ह्याचा तिसरा डोळा. खून, दरोडे, अपहरण व हरवलेली मांजरे.’

हे व्हिजिटिंग कार्ड मी छापलं. बदलापूर पूर्वेला माझं झेरॉक्स आणि पत्रिकांचं दुकान आहे आणि दुकानातलं बाकडं हे देसले साहेबांचं मुख्यालय. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या गेटवर सत्तावीस वर्षं लोकांचे डबे उघडून पाहिल्यामुळे आपली नजर क्ष-किरणांच्या तोडीची झाली आहे, असं ते सांगतात. खुनाची केस अजून आलेली नाही. हा बदलापूरकरांचा करंटेपणा आहे, असंही सांगतात. मला ते ‘माझा सहायक मिलिंद’ म्हणतात. मी गिऱ्हाईक सोडून त्यांच्यामागे का जातो, हे रहस्य मात्र त्यांनाही उलगडलेलं नाही.

वैशाख होता. वैशाखात आमच्याकडे माणसं घरी राहत नाहीत, कार्यक्रमाला असतात. त्या आठवड्यात एकट्या माझ्या दुकानातून चार लग्नं, दोन मुंजी, सोनिवलीची एक वास्तुशांत आणि एका गृहस्थांची एकसष्टी बाहेर पडली होती. साहेबांचं सलग पाच दिवस बाहेर जेवण झालं होतं. सोमवारी ते बाकड्यावर पोटावर हात ठेवून चिंतन करत असताना शिरगावचे दौलतराव आले.

“आमचा पाळणा हरवलाय,” ते म्हणाले.

हकीकत अशी होती. दौलतरावांच्या सुनेला, पायलला, मुलगी झाली होती. पायलचं माहेर जालन्याला, उन्हात तिकडे नको म्हणून बाळंतपण इथेच झालं. बारसं गुरुवारी, बाराव्या दिवशी. घराण्याचा सागवानी पाळणा एकच. त्यात दौलतराव वाढले, त्यांचा धाकटा भाऊ दिनानाथ वाढला, पुढची सगळी पोरं वाढली. तो सध्या पालेगावला दिनानाथांकडे होता.

आणि हे दोघे भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दिनानाथांच्या थोरल्या मुलाच्या लग्नपत्रिकेत दौलतरावांचं नाव व्याह्यांच्या खाली छापलं गेलं, एवढंच कारण. पायल आणि दिनानाथांची मुलगी तेजल या वहिनी-नणंदांनी हा अबोला हळूहळू वितळवत आणला होता. तेजलचं लग्न येत्या रविवारी, दौलतरावांच्या बिल्डिंगसमोरच्याच हॉलमध्ये. म्हणून तिचं रुखवत आधीच काकांच्या फ्लॅटमध्ये येऊन पडलं होतं. बाळाला आत्या एकच, तेजल. कानात नाव तिनेच सांगायचं. शनिवारी तिला हळद लागणार. एकदा हळद लागली की नवरी घराबाहेर पडत नाही आणि लग्नानंतर ती थेट बेळगावला जाणार. म्हणजे काय ते गुरुवारीच.

“दिनूकडून निरोप आला की शनिवारी टेंपोतून पाळणा पाठवला,” दौलतराव म्हणाले. “आम्ही सोनिवलीला वास्तुशांतीला गेलो होतो. वॉचमनने सामान उतरवून घेतलं. रुखवत आलं, पाळणा नाही आला.”

“टेंपोवाला कुठे आहे?” मी विचारलं.

“कोकणात गेला, वऱ्हाड घेऊन. फोन लागत नाही.”

साहेबांनी डोळे मिटले. “पळाला,” ते म्हणाले.

आम्ही घटनास्थळी गेलो. आतल्या खोलीत तेजलचं रुखवत भिंतीला लागून रचून ठेवलं होतं. लहानमोठी गाठोडी, प्रत्येकावर जुनी साडी घट्ट गुंडाळलेली. साहेबांनी ती मोजली. बारा भरली.

“बारावा दिवस, बारा गाठोडी,” ते माझ्या कानाशी पुटपुटले. “लिहून घे. योगायोगावर माझा विश्वास नाही.”

मी एका गाठोड्याची गाठ चाचपली तर दौलतराव गरजले. “हात लावायचा नाही. नवरीने मांडल्याशिवाय दुसऱ्याच्या मुलीचं रुखवत उघडत नाहीत आमच्यात. उद्या दिनू म्हणायचा, दादाने सामान चिवडलं.”

साहेबांनी मान डोलावली आणि विचार करायला सगळ्यात मोठ्या गाठोड्यावर बसले. ते डुगडुगलं. साहेबांनी उठून फरशीवर खिशातली गोटी ठेवली. (गोटी ते कायम बाळगतात. कशासाठी, विचारू नका.) गोटी जागची हलली नाही. तरीही बिल्डरने फरशी तिरकी बसवली आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि चहा मागवला.

पायल बाळाला खांद्यावर घेऊन चहा घेऊन आली. “काका, मिळेल ना हो?” तिने विचारलं. “मला पाळण्याचं काही नाही, मी पोरीला टबमध्ये पण ठेवीन. पण आता हे दोघं परत भांडले तर तेजलला पाठवणार नाहीत. तिच्याशिवाय मला बारसं करायचंच नाही.” मला एकदम आमच्या बाकड्याची लाज वाटली.

“गुरुवारी पाच वाजता,” साहेब म्हणाले, “आरोपी तुमच्यासमोर असेल.”

मंगळवारी पहिला सिद्धांत निघाला, आंतरतालुका फर्निचर टोळी. जुनं सागवान पॉलिश मारून विकणारी. आम्ही उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात वेश बदलून फिरलो, म्हणजे साहेबांनी टोपी घातली. एका सिंधी व्यापाऱ्याला त्यांनी कोपऱ्यात घेऊन विचारलं, “जुना पाळणा मिळेल का? कुठून आला ते आम्ही विचारणार नाही.”

व्यापाऱ्याने साहेबांच्या पोटाकडे पाहिलं. “साईं, इस उमर में? मुबारक हो.”

“गुन्हेगार सावध झालेत,” साहेब बाहेर येऊन म्हणाले. टोपी दुकानातच राहिली. ती परत आणायला मी गेलो.

बुधवारी दुसरा सिद्धांत निघाला आणि तोच नडला. साहेब दौलतरावांच्या सोफ्यावर बसून म्हणाले, “हेतू शोधा. पाळणा कुणाला हवा? ज्याच्या घरी लवकरच पाळणा हलणार त्याला. आता रविवारी लग्न कुणाच्या मुलीचं आहे? म्हणजे पाळणा पालेगावातून निघालाच नाही.”

दौलतरावांचा चेहरा वांग्यासारखा झाला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भावाला फोन लावला, पण बोलायला नव्हे, भांडायला. “पाळणा ठेवून घेतलास ना रे?” एवढंच ते म्हणाले. पलीकडचा आवाज आम्हाला सोफ्यावर ऐकू येत होता.

“माझ्या हाताने बांधला, माझ्या हाताने चढवला, आणि मी चोर? तेजल येणार नाही उद्या. तिचं रुखवतही घेऊन जातो. लग्नालाही नका येऊ.”

पायल आत निघून गेली. बाळ रडत होतं आणि बहुधा ती पण. साहेबांनी वही मिटली. वाटेत ते मला म्हणाले, “मिलिंद, सत्य कडू असतं.” साहेबांशी मी तीन दिवस बोललो नसतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दुकानात येऊन चूप बसले. अख्खा तास एकही सिद्धांत नाही. शेवटी म्हणाले, “आपण गोंधळ घातला का रे?” मी म्हटलं, “हो.” त्यांनी मान खाली घातली. पहिल्यांदाच मला त्या माणसाबद्दल बरं वाटलं.

गुरुवारी चार वाजता आम्ही माफी मागायला शिरगावला पोचलो. खाली दुसराच एक टेंपो उभा होता आणि टेंपोला टेकून, बिल्डिंगकडे पाठ करून, दिनानाथ. वर शेजारणी बारशाला जमायला लागल्या होत्या, पण गाणं कुणीच म्हणत नव्हतं. रुखवत दाखवून द्यायला तेजल वर आली होती. डोळे सुजलेले, हातात यादी.

“मोठे काका, मी सामान घेऊन जाते,” ती खाली बघत म्हणाली. दौलतरावांनी नुसता हात केला.

ती यादीवर टिक करत गेली. बोलकी बाहुली, भरतकामाची चौकट, मण्यांचं तोरण, सुपारीचा विठोबा. एकेक गाठोडं दाराशी गेलं. शेवटचं सगळ्यात मोठं. तेजल थांबली.

“हे माझं नाही. माझ्या अकराच वस्तू आहेत.”

“बारा आहेत,” साहेब म्हणाले. “मी स्वतः मोजल्यात. मी त्यावर बसलोय.”

तेजलने त्यांच्याकडे बघितलं, मग साडी सोडली. आत पाळणा होता. एक पाय मोडलेला, साखळ्या गुंडाळून ठेवलेल्या, आणि काठोकाठ भरलेला. तळाशी तांदूळ, त्यावर नारळ, दुपटी, आणि डिंकाच्या लाडवांचे दोन मोठे डबे. डब्यावर चिठ्ठी होती, ‘पायलसाठी. रोज एक.’

“रिकामा पाळणा पाठवत नाहीत,” तेजल हळूच म्हणाली. “बाबांनी भरला असणार. लाडू आईकडून दोनदा करून घेतले. पहिले त्यांना कडक वाटले.”

भरलेला म्हणून कुणाला पाळणा वाटला नाही आणि रुखवत म्हणून कुणी उघडला नाही. दौलतराव चिठ्ठी हातात घेऊन उभे होते. अक्षर भावाचं, ते त्यांना ओळखू येणारच. साहेबांनी वही उघडली, काहीतरी लिहायला घेतलं, आणि खोडलं.

पायलने बाळ तेजलच्या हातात दिलं. “पाच वाजतायत,” ती म्हणाली.

मग मात्र धांदल उडाली. बाहेरच्या खोलीच्या छताच्या हुकाला पाळणा टांगला. साखळी ओढायला साहेब स्टुलावर चढले आणि त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट जागच्या जागी लागली. बायकांनी गाणं धरलं. तेजलने बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं आणि तिच्या पाठीत अशा बुक्क्या बसल्या की ती हसता हसता रडायला लागली.

दौलतराव बाल्कनीत गेले. मीही मागून गेलो. खाली दिनानाथ आता बिल्डिंगकडे तोंड करून उभे होते. गाणं त्यांनी ऐकलं असणार. पहिल्या मजल्याकडे बघत त्यांनी घसा खाकरला.

“दादा, नाव काय ठेवलं?”

“रस्त्यावर उभं राहून नाव विचारतात का रे?” दौलतराव म्हणाले. “वर ये.”

दिनानाथ वर आले. चप्पल काढायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. दौलतरावांनी स्वतः त्यांच्या हातात घुगऱ्यांची वाटी दिली, मग कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. दिनानाथांच्या पाठीत कुणी बुक्की मारली नाही, पण डोळ्यांत पाणी मात्र सणसणीत बसल्यासारखं आलं.