वाळू चाळायला कोण?

गुरुसिद्धप्पानं समुद्र घरी आणायचं ठरवलं, त्याला कारण त्याचं दुकान. नवी पेठेतलं ते साड्यांचं दुकान आठवड्याची सुटी सोडली तर कधी म्हणून बंद राहिलेलं नव्हतं. स्वतःचं लग्नसुद्धा त्यानं सुटीचा वार बघून लावलं, तेही धारवाडला, मुलीच्या आजोळी. लग्न लागलं, जेवणं झाली आणि दुसऱ्या दिवशी नवरदेव हळदीच्या अंगानं गल्ल्यावर हजर! आता अशा माणसाची बायको कारवारची असावी, याला दैवाची थट्टा नाही तर काय म्हणायचं?

दाक्षायणीचे वडील कारवारच्या बंदरावर कारकून होते. तिचं सगळं बालपण लाटांच्या आवाजात गेलेलं. लग्नाला सहा वर्षं झाली, माहेरची माणसं मधून-मधून येऊन गेली, पण ती काही कारवारला गेली नाही. एकटीला एवढ्या लांब पाठवायला नवऱ्याचा जीव धजत नसे आणि बरोबर जायला दुकान सुटत नसे. वैशाखात सोलापूरचा वारा तव्यावरून उतरून आल्यासारखा अंगावर यायचा, तेव्हा ती गच्चीवर वाळत घातलेल्या लुगड्यांच्या मधे जाऊन उभी राही. लुगडी फडफडली की तिला शिडं आठवत. आईच्या हाताशी बसावं, संध्याकाळी ओल्या वाळूत पाय रोवावेत, पाणी येऊन पायाखालची वाळू ओढून न्यावी, एवढंच तिला हवं होतं. कधी कधी या एवढ्याशा गोष्टीसाठी तिला भरल्या घरात रडू यायचं.

गुरुसिद्धप्पा काही दगड नव्हता. बायकोचे डोळे त्याला दिसत होते. सुटीच्या दिवशी मुंबईला माल भरायला गेला, की तो पेढीवरून थेट परतीची गाडी पकडी. तिथंच एकदा पेढीवर त्यानं काचेच्या टाक्यांत पोहणारे समुद्रातले मासे पाहिले आणि त्याच्या व्यापारी डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तो म्हणाला, "दाक्षे, तुझा समुद्र मी हितंच आणतो की!"

"अहो, पण मला जाऊन..."

"जायचं कशाला? बसल्या जागी बघ. वाळू, पाणी, मासे, समदं. लाटा तेवढ्या न्हाईत, पण बुडबुड्याचा पंप हाय."

दाक्षायणी त्याच्या हातातली पिशवी घेऊन आत वळली. तिच्या मनानं मात्र लगेच ओळखलं, की टाकी घरात आली म्हणजे कारवार कायमचं गेलं.

सासूबाई शिवम्मांनी तर टाकीचं नाव ऐकून कपाळावर हात मारला. "अय्यो शिवने! लिंगायताच्या घरात मासं?"

"अव्वा, बघायला आणतोय, खायला न्हाई."

"त्ये शेजाऱ्याला कोन सांगनार? घरोघर जाऊन दवंडी पिटू व्हय मी?"

पण गुरुसिद्धप्पानं एकदा माप घेतलं की कापायचंच. सूत रंगवणाऱ्यांकडून त्यानं ॲसिडच्या मोठाल्या काचेच्या बरण्या मिळवल्या आणि धुऊन धुऊन त्यांचा वास घालवला. मायाप्पा ट्रकवाला चादरींचे गठ्ठे घेऊन कारवारकडे जाई. येताना तो दाक्षायणीचा भाऊ बसवराज याच्याकडून समुद्राचं पाणी, वाळू आणि मूठभर मासे घेऊन आला. दुकान आणि घर यांच्या मधल्या खोलीत टाकी बसली. वीज गेली की पंप बंद पडे. मग दाक्षायणी सायकलचा पंप घेऊन समुद्राला वारा घालत बसे. पूर्वी समुद्र तिला वारा घालत असे.

खरी पंचाईत पुढंच होती. सोलापूरच्या माणसाला मासा दिसला, की त्याचा हात आपोआप चुरमुऱ्यांकडे जातो. सिद्धेश्वराच्या तळ्यानं लावलेली सवय आहे ती! माशांना चुरमुरे घातले की पुण्य लागतं, हे इथलं पोरसुद्धा जाणतं. साडी घ्यायला आलेली बाई आत डोकावली, की "अगं बाई, मासं!" म्हणून मूठभर चुरमुरे टाकूनच बाहेर पडे. थोड्याच दिवसांत वाळूवर तांबूस बुरशीची गोधडी पसरली.

बसवराजनं मायाप्पाकरवी निरोप धाडला, की वाळू चाळणारा एखादा प्राणी टाकीत सोडा. तो वाळू तोंडात घेतो, त्यातली घाण खातो आणि स्वच्छ वाळू बाहेर टाकतो.

"म्हणजे समुद्रातली मोलकरीणच की!" गुरुसिद्धप्पा खूश झाला. "मायाप्पा, दाजीनं सांगितलंय म्हणावं, दोन-तीन प्रकार जांगड पाठवा. पसंत पडंल त्यो ठेवू, बाकीचे परत."

साड्या जांगड येतात, तसे प्राणी जांगड आले. पहिला आला तारामासा. तो वाळूत जो गडप झाला, तो पुन्हा दिसलाच नाही. गुरुसिद्धप्पा चार वेळा वाकून बघून म्हणाला, "हा गिऱ्हाइकासमोर येतच न्हाई. धंद्याला उपयोगी न्हाई." दुसरी आली समुद्रकाकडी, बोटभर लांब आणि काळीमिट्ट. वाळू खायची ती पुढून आणि बाहेर टाकायची मागून. शिवम्मा तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिचं तोंड कुटलं आनि श्येपूट कुटलं? जिचं तोंड कळत न्हाई, अशी बाई घरात ठिवू नये."

तिसरा शंख होता आणि शंखात खेकडा. शिवम्मा किंचाळल्या. "ख्येकडा? लोक म्हनतील, सुनंनं म्हायेराहून कालवन आनलं!"

"अव्वा, वरनं शंख हाय की! शंख शुभ असतो."

शुभ शंख कामसू निघाला. वाळू उकरून चुरमुरे शोधून शोधून खाऊ लागला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं पंपाची नळी धरली, टाकीबाहेर आला आणि समुद्र शोधत शोधत थेट दुकानात शिरला. तिथं माढ्याच्या बजाबाई लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधत बसल्या होत्या. गुरुसिद्धप्पानं झोकात साडी उलगडली.

"पदर बघा, बजाबाई! असा पदर तुमाला अख्ख्या पेठेत..."

पदरावरून शंख चालत चालत बजाबाईंच्या मांडीवर आला. "आगं आयायायाय! शंख चालतुया!" बजाबाई ज्या उठल्या, त्या थेट रस्त्यात.

झालं! नवी पेठेत चालत्या शंखाची बातमी पसरायला वेळ लागतो होय? कुणी म्हणालं शंख चालतो, कुणी म्हणालं बोलतो. संध्याकाळपर्यंत दारात रांग लागली आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात चुरमुऱ्याचा पुडा! गुरुसिद्धप्पानं दुसऱ्या दिवशी तिन्ही प्राणी मायाप्पाच्या बरणीत घालून जांगड परत केले. तारामासा शोधायला मात्र अर्धी वाळू उपसावी लागली.

"आता काय करायचं, दाक्षे? वाळू चाळायला कोण आणायचं?" त्यानं हताश होऊन विचारलं.

इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं. ती टाकीकडे बघत हळूच म्हणाली, "आमच्या किनाऱ्यावर बारकं खेकडं असतंय, हरभऱ्याएवढं. ओहोटी लागली की बिळातनं बाहेर येतंय. वाळू खातंय आणि तिच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून मांडून ठेवतंय. सगळा किनारा रांगोळी घातल्यासारखा दिसतो बघा. मी लहानपणी चवड्यावर चालायची, मोडू नये म्हणून. मग भरती येती आणि सगळं पुसून नेती. दुसऱ्या दिवशी पुन्हा..."

"हात्तिच्या! मग तेच मागवू की जांगड!"

मायाप्पा पुढच्या खेपेला रिकाम्या हातानं आला. उंबऱ्यात बसून तो म्हणाला, "बसवराजदादा म्हनले, त्ये टाकीत जगत न्हाई. त्याला भरती-ओहोटी लागती. पानी आलं पायजे, गेलं पायजे. एका जागी कोंडलं की मरतंय."

दाक्षायणी उठून आत गेली. शिवम्मा तिथंच तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांच्या हातातलं सूप थांबलं. सून गेली त्या दाराकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

गुरुसिद्धप्पानं मग टाकीवर पाटी लावली, 'चुरमुरे टाकू नयेत'. मधल्या खोलीला कडी घातली. गिऱ्हाइकांचं येणं बंद झालं, आणि नवल असं, की वाळू त्यानंतरच झपाट्यानं नासली! तांबूस होती ती काळी झाली. तिच्यातून फुगे येऊ लागले आणि वास असा सुटला, की दुकानातल्या बायका नाकाला पदर लावून रंग निवडू लागल्या. पुढं पुढं तर त्या आतच येईनात. समोरच्या दुकानात गर्दी वाढली. आयुष्यात पहिल्यांदा गुरुसिद्धप्पा उघड्या दुकानात माशा मारत बसला.

एके दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले. शिवम्मांनी हंबरडाच फोडला. "गुरुसिद्दा! ह्या मुक्या जीवांचं पाप कुनाच्या माथी रं? इष्टलिंग हातात घिऊन बसते, तर म्होरं ह्यांचीच तोंडं दिसत्यात मला! जितनं आनलं, तितं न्हिऊन सोड."

"मायाप्पाबरोबर पाठवतो की."

"मायाप्पानं आनलं व्हय? त्यो नुसता वाहनार. आननारा तू. जोडीनं सोडायचं असतंय असलं पाप. नवरा-बायकुनं मिळून, एका ओंजळीनं."

"आणि दुकान?"

"दुकान?" शिवम्मांनी नाकाला पदर लावला. "ह्या वासात कोन मरायला येतंय दुकानात?"

गुरुसिद्धप्पानं मान खाली घातली आणि कुलूप शोधायला गेला. दुकानाला रोज आतून कडीच लागे, त्यामुळं ते वापराविना गंजलं होतं.

दाक्षायणी पिशवी शोधायला कोठीत शिरली. ज्वारीच्या कणगीमागं तिला एक पोतं दिसलं, चुरमुऱ्याचं, तळाला आलेलं. शेजारी सूप. ती वळली, तर दारात सासूबाई.

"अत्ती, हे काय?"

शिवम्मांनी मागं-पुढं बघितलं आणि आवाज बारीक केला. "लोक मूठमूठ टाकायची गं. तेवढ्यानं वाळू नासती व्हय? मी सुपानं टाकत हुते. मासं मरू नयेत म्हनून देवाला साकडं घातलं हुतं, पर लई लांबवलं ह्या गुरुसिद्दानं! आज माझाच जीव घाबरा झाला."

"पण अत्ती, का?"

"माझं म्हायेर मंद्रूप. जीव उदास झाला की बाजाराच्या दिवशी उठायची आनि जाऊन यायची. तुजं पडलं लांब. मायाप्पा म्हनला न्हाई का? यायला-जायला लागतंय. ख्येकड्याला लागतंय, तर मान्साला लागत न्हाई व्हय?" त्यांनी सुनेच्या हातात एक गाठोडं दिलं. "उरल्याल्याचा चिवडा केलाय. वाटंत खावा. आनि त्याला बोलू नको, न्हाईतर तळ्यातल्या माशाला बी चुरमुरं घालू द्यायचा न्हाई मला."

दाक्षायणी त्यांच्या गळ्यात पडली आणि मनसोक्त रडली.

कारवारला आईला भेटून दोघं किनाऱ्यावर आले, तेव्हा ओहोटी होती. जोडीनं, एका ओंजळीनं मासे सोडले. मासे गेले, पण गुरुसिद्धप्पा ओंजळ तशीच धरून उभा. त्यानं समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता. तो म्हणाला, "एवढा असतो होय?"

ओल्या वाळूवर लांबवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी पसरली होती. दाक्षायणी पदर खोचून चवड्यांवर चालत होती, आणि तिच्यामागून, एक गोळी मोडू न देता, नवी पेठेतला व्यापारी धोतर वर धरून चालत होता. पुढं जाऊन दोघं चिवडा खात बसले. भरती आली. तिनं सगळी रांगोळी पुसून नेली आणि त्यांच्या पायाखालची वाळूही ओढली. गुरुसिद्धप्पा पोरासारखा हसला.

मग त्याला परत जायचं आठवलं. घसा खाकरून तो म्हणाला, "दाक्षे, मी काय म्हणतो, टाकी काय मोडायची न्हाई. एवढी आणलीय तर. फक्त पाणी दरवर्षी बदलायला पायजे, आणि त्ये मायाप्पाच्यानं जमायचं न्हाई. मालकानं जातीनंच यायला लागतंय."

"दुकान?"

"दुकानाचं काय, त्याला बी कधीतरी कुलूप लागू दे की. गंजतंय."

तिकडे सोलापुरात शिवम्मा भुसाऱ्याच्या दुकानात चुरमुऱ्याच्या नव्या पोत्याची घासाघीस करत होत्या.